पोलादी पेट्रोल पाइपला ब्रेडेड होज जोडणारे कॉम्प्रेशन ॲडॅप्टर: मारुती जिप्सीवर वापरून केलेले परीक्षण

इंजेक्शनच्या गाडीत टाकीतून निघालेले पेट्रोल चासीच्या कडेने बसवलेल्या पोलादी पाइपमधून पुढे येते आणि इंजिनाजवळ आल्यावर लवचीक होजमध्ये शिरते, कारण चासी जागच्या जागी असते आणि इंजिन मात्र आपल्या माउंटिंगवर सतत हलत असते. माझ्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) जिप्सी किंगमधील हे मूळचे रबरी होज वयोमानाने कडक झाले होते, त्यांच्या तोंडाशी बारीक भेगा दिसत होत्या आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत होता. मूळच्यासारखेच होज पुन्हा बसवणे हा सर्वांत सरळ मार्ग होता व बहुतेकांसाठी तोच योग्य आहे. परंतु गाडी डोंगराळ कच्च्या रस्त्यांवर चालते आणि इंधनाची रेल (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) व प्रेशर रेग्युलेटर दोन्ही बदलायचे ठरलेलेच होते. त्यामुळे पुढचा सगळा भाग स्टेनलेस जाळीच्या, म्हणजे ब्रेडेड, होजमध्ये करून घेतला. या परीक्षणाचा विषय त्या होजपेक्षा, पोलादी पाइप आणि होज यांच्यामध्ये बसणारा बोटभर लांबीचा ॲडॅप्टर हा आहे. हे काम फसते ते बहुधा याच जागी.

वस्तू अशी आहे: काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा सांगाडा, एका बाजूला एएन-६ मापाचे (एएन हे मुळात अमेरिकी लष्कर-नौदलाचे फिटिंगचे प्रमाण) नर आटे आणि ३७ अंशांचा शंकू, दुसऱ्या बाजूला पाइप आत जाण्यासाठी भोक, त्यावर एक नट आणि नटाच्या आत पितळेची फेरूल, म्हणजे पाइपभोवती बसणारी कडी. पाइप आत सारायचा, नट आवळायचा, म्हणजे फेरूल दबून पाइपला घट्ट मिठी मारते. पाइपच्या तोंडाला फ्लेअर (तुतारीसारखा पसरट आकार) करावा लागत नाही, हेच या वस्तूचे मुख्य आकर्षण आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी दोन मापांचे ॲडॅप्टर मागवले, एक पुरवठ्याच्या पाइपसाठी आणि एक उरलेले पेट्रोल टाकीत नेणाऱ्या परतीच्या पाइपसाठी. प्रत्येकी सुमारे सहाशे रुपये पडले. खोक्यावर उत्पादकाचे नाव नव्हते, सोबत माहितीपत्रक नव्हते, आणि दाब किती सहन होतो याचा उल्लेखही कोठे नव्हता. इंधनासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

घडणीबद्दल मात्र तक्रार करण्यासारखे फारसे नाही. आटे स्वच्छ कापलेले होते, एएन-६ चा प्रमाण असलेला ९/१६ इंच व इंचाला १८ आट्यांचा नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला, आणि शंकूच्या पृष्ठभागावर नखाला जाणवेल असा ओरखडा नव्हता. सील आट्यांवर होत नसून याच शंकूवर होते, त्यामुळे ॲडॅप्टर निवडताना सर्वांत आधी शंकू उजेडात फिरवून पाहावा. आट्यांवर टेफलॉनची टेप गुंडाळण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती येथे निरुपयोगी आणि थोडी घातकही आहे, कारण टेपचा सुटलेला तुकडा पुढे इंजेक्टरच्या बारीक जाळीत जाऊन बसतो. आट्यांना इंजिन ऑइलचा एक थेंब पुरतो. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम कोरडे आवळले तर आटे एकमेकांत चिकटून खरवडले जातात.

आता मापाचा मुद्दा. या वस्तूला मी पाच तारे का देत नाही, त्याचे कारण येथे आहे. एएन पद्धतीत आकडा म्हणजे पोलादी नळीच्या बाहेरील व्यासाचे इंचाचे सोळावे भाग. त्यामुळे ४ म्हणजे पाव इंच, ५ म्हणजे ५/१६, ६ म्हणजे ३/८ आणि ८ म्हणजे अर्धा इंच. अमेरिकेत ही पद्धत तेथील इंची पाइपांशी तंतोतंत जुळते, पण आपल्याकडील जपानी वंशाच्या गाड्यांतील पाइप मिलिमीटरचे असतात. माझ्या गाडीतील पुरवठ्याचा पाइप व्हर्नियरने ८ मिमी भरला आणि परतीचा ६ मिमी. विक्रेत्याच्या जाहिरातीत ५/१६ इंच आणि ८ मिमी ही मापे जणू एकच असल्यासारखी शेजारी शेजारी लिहिली होती, आणि त्याच धर्तीवर पाव इंच आणि ६ मिमीही. पहिल्या जोडीत हा ढिसाळपणा खपून जातो: ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, फरक केवळ ०.०६ मिमीचा, आणि पाइपवरील रंग व गंज काढल्यावर फेरूल किंचित जोर देऊन सरकते. दुसऱ्या जोडीत तो अजिबात खपत नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, आणि ०.३५ मिमीच्या मोकळ्या जागेत ६ मिमीचा पाइप उघड उघड डुगडुगतो. नट पुरेसा आवळला तर पितळ दबून ती फट भरेलही आणि पहिल्या दिवशी एक थेंबही गळणार नाही. पण फेरूल एका बाजूला कलून बसते आणि कंपनाखाली ती जागा सोडते. मी तो ॲडॅप्टर बसवला नाही, परत पाठवला. मोठ्या गाड्यांच्या मालकांनी हेही ध्यानात घ्यावे की ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी, त्यामुळे १० मिमीचा पाइप त्यात शिरणारच नाही. निदान तेथे चूक लगेच कळते. धोका असतो तो चुकीचे माप जेथे ढिलेपणाने बसते तेथे.

परतीच्या पाइपसाठी उत्तर भोसरी एमआयडीसीच्या परिसरातील हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात मिळाले. जेसीबी आणि प्रेस मशीनचे होज बनवणाऱ्या या दुकानांत ६, ८, १० मिमी अशा मेट्रिक पाइपांची पोलादी फिटिंग रोजच्या विक्रीत असतात. त्यांच्यात फेरूलच्या जागी असणारी कटिंग रिंग कडक पोलादाची असते व नट आवळताना तिची धार पाइपच्या अंगात बारीकशी रुतते, म्हणजे केवळ घर्षणावर विसंबण्याऐवजी पाइपला खरोखर खाच पडते. दुसऱ्या टोकाला ३७ अंशांचे जेआयसी (हायड्रॉलिक फिटिंगचे प्रमाण) आटे असलेला प्रकार मागितला की झाले, कारण या मापात जेआयसी आणि एएन यांचे आटे व कोन एकच आहेत. विमानांसाठीच्या एएन मालाची अचूकता अधिक काटेकोर असते एवढाच भेद. हे फिटिंग शेकडो बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबासाठी बनलेले असते, किंमत ऑनलाइन ॲडॅप्टरच्या निम्म्याहूनही कमी, आणि दिसायला अगदी साधे, पिवळसर झाक असलेले झिंक प्लेटिंग. बॉनेटखाली काळे-निळे ॲनोडाइज्ड सौंदर्य ज्यांना हवे आहे त्यांना ते आवडणार नाही. एक सावधगिरी: इंधनाचे पाइप हायड्रॉलिक पाइपांपेक्षा पातळ असतात, त्यामुळे अतिरेकी आवळल्यास रिंग पाइपला आत चिमटते. बसवल्यावर नट एकदा उघडून, पाइपच्या तोंडातून योग्य मापाच्या ड्रिल बिटाचा मागचा गुळगुळीत दांडा आत जातो का हे पाहून घ्यावे.

फेरूलवर दाबाचा किती भार येतो हे आकड्यांत पाहिले की अनावश्यक भीती आणि अनाठायी विश्वास दोन्ही कमी होतात. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत रेलमधील दाब तीन ते चार बार असतो. कार्ब्युरेटरच्या काळात तो पाव बारच्या आसपास असे. आठ मिलिमीटर व्यासाच्या पाइपचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर, म्हणजे तीन बार दाब पाइपला फेरूलमधून बाहेर ढकलतो तो जेमतेम दीड किलोच्या जोराने. पितळेची फेरूल एवढा भार सहज पेलते. तिला निकामी करतो तो दाब नव्हे, तर वाकवणारा आणि पिळणारा जोर: लोंबत्या होजचे वजन, इंजिनाचा झोका, किंवा होजचे टोक आवळताना ॲडॅप्टरला दुसऱ्या पान्याने न धरल्यामुळे पाइपला बसणारा पीळ. म्हणूनच ॲडॅप्टरच्या अलीकडे, पोलादी पाइपवर, वितभराच्या आत रबरी अस्तराची पी-क्लिप (पाइपला धरणारी पी आकाराची पट्टी) चासीला पक्की बसवणे आणि होजला इंजिनापर्यंत थोडा सैल बाक देणे, या दोन गोष्टींवर जोडाचे आयुष्य ॲडॅप्टरच्या दर्जापेक्षाही अधिक अवलंबून असते. विक्रेत्याने खोक्यात एक क्लिप आणि चार ओळींचा कागद टाकला असता तर ग्राहकांकडून त्याला परत येणारा निम्मा माल वाचला असता असे मला वाटते.

पाइपची तयारी हे या कामातील सर्वांत वेळखाऊ अंग आहे. रबरी होज निसटू नये म्हणून कारखान्यातून आलेल्या पाइपच्या तोंडाशी एक फुगीर कडे केलेले असते. फेरूल त्यावरून जात नाही, म्हणून ते कडे कापून टाकावे लागते. एकदा ते कापले की क्लिप लावून रबरी होज बसवण्याचा जुना मार्ग जवळजवळ बंद होतो, हे कापण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. कापण्यासाठी छोटा रोलर कटर उत्तम; ग्राइंडरचा विचारही करू नये, कारण ठिणग्या आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ कोणालाच परवडत नाही. कटरने आतल्या बाजूला धार उरते, ती गोल कानशीने काढून पाइप थोड्या पेट्रोलने बाहेरच्या डब्यात धुऊन घ्यावा लागतो. त्यानंतर तोंडापासून किमान तीन सेंटिमीटर लांबीचा भाग बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून उघड्या धातूपर्यंत आणायचा. लांबीच्या दिशेने घासल्यास पडणारे ओरखडे फेरूलखालून पेट्रोलला सरळ वाट करून देतात. गंजाने खड्डे पडलेल्या पाइपवर कोणतीही फेरूल टिकणार नाही. तेथे मागे सरकून चांगला भाग शोधावा किंवा पाइपच नवा घालावा. हे सर्व सुरू करण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे, बॅटरी सोडणे आणि अग्निशामक हाताशी ठेवणे ओघाने आलेच.

नट किती आवळायचा याबद्दल विक्रेत्याने काही सांगितलेले नसल्यामुळे मी हाताने घट्ट झाल्यानंतर पान्याने सव्वा फेरी या औद्योगिक फेरूल जोडांच्या सर्वसाधारण रीतीपासून सुरुवात केली. ती रीत पोलादी दुहेरी फेरूलसाठी आहे, एकेरी पितळी फेरूलसाठी नव्हे. त्यामुळे एका फेरीपाशी थांबून जोर वाढतो आहे का हे हाताने जोखत पुढे गेलो आणि सव्वा फेरी पूर्ण होण्याआधीच नट ठाम बसला. मग किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवून पंपाला अनेकदा दाब भरू दिला, जोडाभोवती पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून तो ओला होतो का पाहिले, आणि इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा तेच केले. कागद कोरडाच राहिला. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला असून त्यात ताम्हिणीतून कोकणात उतरणे-चढणेही झाले आहे. जोडाला ओलावा नाही, वास नाही. नटाच्या कडेला मात्र जेथे पान्याने ॲनोडायझिंग खरवडले तेथे पांढरट पूड दिसू लागली आहे. पोलाद, पितळ आणि ॲल्युमिनियम खाऱ्या दमट हवेत एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात कायम राहणाऱ्या गाडीवर मी म्हणूनच ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर लावणार नाही.

होजबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ॲडॅप्टर चांगला आणि होज चुकीचा अशी जोडी सर्रास दिसते. बाहेरून सारखीच दिसणारी स्टेनलेस जाळी दोन वेगळ्या प्रकारच्या नळ्यांवर असते: आत कृत्रिम रबर किंवा आत पीटीएफई, म्हणजेच टेफलॉन. रबरी प्रकार वळवायला सोपा आणि स्वस्त असतो. परंतु त्यातून पेट्रोलची वाफ हळूहळू झिरपते, आणि जाळीमुळे रबराला पडलेल्या भेगा डोळ्यांना दिसतच नाहीत. साधा रबरी होज निदान आपली अवस्था बाहेरून दाखवतो. २०२३ पासून आपल्या पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. ज्या रबराची इथेनॉलसाठी शिफारस केलेली नाही ते अशा पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते किंवा पुढे कडक होऊन फुटते. पीटीएफईला इथेनॉलचे काहीच वाटत नाही. हायड्रॉलिकवाल्यांकडे एसएई १००आर१४ या प्रमाणाचा जो होज मिळतो तो नेमका पीटीएफईच्या नळीवर स्टेनलेसची एकेरी जाळी असा असतो. त्यातील बी प्रकाराची आतील बाजू वीजवाहक असते, आणि इंधनासाठी तोच मागावा, कारण वाहत्या पेट्रोलमुळे साठणारी स्थितिज वीज अवाहक नळीला सूक्ष्म छिद्रे पाडू शकते. या होजचे सहा नंबरचे आतील भोक ७.९ मिमीच्या आसपास असते, म्हणजे ८ मिमीच्या पोलादी पाइपच्या आतील भोकापेक्षा मोठेच, त्यामुळे प्रवाहाला कोठे अडथळा होत नाही. तोटा इतकाच की तो हट्टी असतो. जवळच्या जागेत जबरदस्तीने वाकवल्यास नळी आत चिमटते, तेथे ४५ किंवा ९० अंशांचे टोक वापरावे लागते.

दोन्ही प्रकारच्या होजची टोके एकमेकांना चालत नाहीत, तरी संकेतस्थळावर ती एकाच पानावर विकली जातात. पीटीएफईच्या टोकात जाळी आणि नळी यांच्यामध्ये शिरणारी एक बारीक पितळी रिंग असते, रबरी होजच्या टोकात ती नसते. घरी बसवण्याची टोके नवख्या हातांना शक्य असली तरी मी माझे होज लांबी मोजून देऊन दुकानातच क्रिम्प करून घेतले. मशीनवर दाबलेले टोक सुटत नाही, आणि दुकानदार समोरच पंपावर दाब देऊन दाखवतो. जाळीचा होज ज्याला घासेल त्याला करवतीसारखा कापतो, म्हणून वायरिंग, रेडिएटरचा पाइप आणि रंगवलेला पत्रा यांच्यापासून तो क्लिपांनी दूर धरावा.

फ्लेअरच्या पर्यायाविषयी वाचक विचारतीलच. पोलादी पाइपवर नट आणि बाही चढवून तोंडाला ३७ अंशांचा फ्लेअर करणे ही जोडणी तांत्रिकदृष्ट्या वरचढ आहे. तीत फेरूल नाही, हलणारा भाग नाही, आणि ती कितीही वेळा उघडून पुन्हा लावता येते. अडचण अशी की आपल्या बाजारात सहज मिळणारे फ्लेअरिंग टूल एसी-फ्रीजच्या तांब्याच्या नळ्यांसाठीचे, म्हणजे ४५ अंशांचे असते. त्या कोनाचा फ्लेअर ३७ अंशांच्या शंकूवर केवळ एका रेषेत टेकतो, आणि गळती थांबवण्यासाठी अधिक आवळला की तडकतो. शिवाय कारखान्याचे पाइप अनेकदा शिवण असलेले असतात व ती शिवण फ्लेअर करताना उकलू शकते. पाइप गाडीतून बाहेर काढून वाइसमध्ये धरता येत असेल आणि ३७ अंशांचे खरे टूल उपलब्ध असेल तर फ्लेअरच करावा. पाइप चासीला तसाच ठेवून, फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्याजवळच्या) अडचणीच्या जागेत काम करायचे असेल तेव्हा कॉम्प्रेशन ॲडॅप्टरला खरी किंमत येते. पाइपवर रबराचा तुकडा चढवून दोन क्लिपांनी ब्रेडेड होज अडकवण्याची जी युक्ती काही गॅरेजांत चालते, तिला इंजेक्शनच्या दाबात माझ्या मते जागाच नाही. आवळताना स्क्रूच्या खाचा ज्यांच्या पट्टीत आरपार असतात त्या साध्या क्लिपा तर रबर कापतात.

पुरवठ्याच्या बाजूच्या ॲडॅप्टरला मी पाचपैकी साडेतीन तारे देतो, परतीच्या बाजूसाठी पाठवलेल्याला एकही नाही. विक्रेत्याने पैसे विनातक्रार परत केले आणि ६ मिमीचा स्वतंत्र ॲडॅप्टर नसल्याचे मान्य केले, परंतु जाहिरातीतील मजकूर हे लिहिपर्यंत बदललेला नाही. सुटी फेरूलही तो विकत नाही. पितळी फेरूल एकदा पाइपवर दबली की ती पुन्हा काढून नव्या जागी वापरता येत नाही, म्हणजे पुढे कधी पाइप कापून मागे सरकावे लागले तर पूर्ण ॲडॅप्टर नव्याने घ्यावा लागेल. त्यामुळे ८ मिमीचा पाइप असलेल्यांनी मागवताना एक जास्तीचा मागवावा, आणि ६ किंवा १० मिमीवाल्यांनी व्हर्नियर व कापलेल्या पाइपचा तुकडा घेऊन सरळ हायड्रॉलिकच्या दुकानात जावे.